वाफेचं इंजिन, जुनं डिझेल अन् कमलचा कांद्याचा प्लॉट

हा ब्लॉग माझ्या नातीचा, सायलीचा. यावेळचं मी लिहून राह्यली. काऊन, ते शेवटी कळन. माझी शाळा चौथीपर्यंत. मी वहीत लिहिलं, तिनं टाईप केलं. तिले सांगून ठेवलं का एक शब्द गोड केलास तर जेवायले वाढणार नाही.

सायली पुण्यात कंपनीत कामाले आहे. तिले रेल्वेच्या इंजिनांचे फोटो काढायचं वेड. माणसाचा फोटो धड काढता येत नाही, पण इंजिन दिसलं का पोटावर झोपते. माघ संपता संपता आमच्या गावाले, उंद्रीले आली अन् म्हणे, "आजी, रविवारी आपण खामगावहून मलकापूरला वाफेच्या इंजिनाच्या गाडीने जातोय. दोन तिकिटं काढलीत."

"काऊन? मलकापुरात कोण मेलं?"

"कोणी नाही गं. नुसतं जायचं आणि परत यायचं."

तिकीट कितीचं ते सांगे ना. तिच्या बापाकडून काढलं मी. तेवढ्यात दुभती बकरी आली असती. तरी गेली. आमच्या चिखली तालुक्यात रेल्वे नाही. माझं लग्न झालं तव्हापासून खामगाव-जालना लाईन येणार म्हणून ऐकून राह्यली. ती भाषणात येते, रुळावर येत नाही. एकाहत्तर वर्षांत चार-पाच वेळा रेल्वेत बसली असन मी. म्हटलं, बकरी तर गेलीच, निदान पाहून घेऊ.

तुम्हाले जायचं असन तर उंद्रीवरून खामगावची पहिली एसटी पकडा. बायांले अर्धं तिकीट. रस्ता बरा आहे, ड्रायव्हर नाही. खामगावात उतरलं का स्टेशनच्या बाहेरच पोहे खाऊन घ्या. गाडीत टूरवाले जो डबा देतात त्यात थंड सँडविच अन् केळं असते. मी भाकरी, पिठलं अन् ठेचा नेला होता. शेजारच्या डब्यातली माणसं वासानं येऊन गेली.

फलाटावर पन्नासेक लोक. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, एकेक फवारणीच्या पंपाएवढा. टूरचा मुख्य माणूस टोपी घालून, गळ्यात शिटी. सगळे त्याले कप्तान म्हणत. मीही तेच म्हणते, नावाची गरज नाही.

इंजिनाबद्दल खोटं नाही बोलणार. काळं, तेल पाजलेलं, उभं राह्यलं तरी श्वास घेते. आत एक माणूस फावड्यानं कोळसा टाकून राह्यला होता, बनियन घामानं अंगाले चिकटलेलं. मी विचारलं, "सगळी गाडी हेच ओढते का रे बाबा?"

"नाही माय. मागं जुनं डिझेल लावलंय. जाताना ते ढकलते, येताना तेच पुढं. या इंजिनाचं वय झालं आता."

"वय झालं तर घरी बसवा ना."

"घरीच बसलेलं असते. वर्षातून एकदा काढतात, दागिन्यासारखं."

इंजिनावर माझा राग नाही. त्या माणसावरही नाही.

गाडी खामगावहून निघाली अन् थोड्या वेळानं रानातच थांबली. मले वाटलं बिघडली. तर कप्तानची शिटी, अन् सगळे भराभरा खाली. अशा गाड्यांची रीतच आहे म्हणे. माणसं उतरवायची, गाडी उलटी मागं न्यायची, अन् मग धूर सोडत, शिटी मारत पुन्हा आणायची. माणसांनी वळणावर उभं राहून फोटो काढायचे. जलंब जंक्शनपर्यंतच्या या छोट्या लाईनीवर गाड्या कमी, म्हणून इथं परवानगी भेटते. गाडी रिकामी मागं जाऊ लागली. म्हटलं, भाकरीची पिशवी आत आहे.

मग मी लोकांकडं पाह्यलं, अन् पिशवी विसरली.

वळणाच्या आतल्या अंगाले कांद्याचा सीड प्लॉट होता. आमच्याकडे हे पीक घरोघरी आहे, मीही करते. कांदा लावायचा, त्याले डेंगळे येऊ द्यायचे, म्हणजे उंच पोकळ दांडे, वर पांढऱ्या फुलांचा गोंडा. मधमाशी फिरली का त्यात बी भरते. एकेका गोंड्यात चहाचा चमचाभर बी. दांडा मोडला का खेळ खल्लास. प्लॉट ऐन फुलावर, बांधाले मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या. आपल्या वावरात आम्ही लुगडं आवरून, आडवं चालून जातो.

अन् ही माणसं बूट घालून सऱ्यांत शिरली. फुलं पुढं, इंजिन मागं, असा फोटो पाह्यजे होता त्यांले. एकानं तर दोन दांडे आडवे आले म्हणून हातानं वाकवून पायाखाली दाबले.

तिकडून एक बाई पळत आली, डोक्यावरचा पदर खांद्यावर. "ओ! ओ साहेब! बिजवाई हाये ते! बियाचं पीक!"

कप्तान म्हणे, "ताई, दोनच मिनिटं. हेरिटेज आहे हे."

"तुमचं हेरिटेज रुळावर चालू द्या ना! माह्या सरीत काऊन घालून राह्यले?"

मी तिच्याकडं निघाली तर मागून चार जण ओरडले, "आजी, फ्रेममधून बाजूला व्हा! आजी!"

अन् तिसऱ्या सरीत पोटावर कोण झोपलेलं? माझीच नात.

"ऊठ."

"आजी, वाफ आली, एक सेकंद..."

गाडी आली, धूर आला, कॅमेरे टकटक वाजले. माशा उठून पेट्यांकडं गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाले वाजवल्या ते मले अजून कळलं नाही.

त्या बाईचं नाव कमल. वीस गुंठ्यांचा प्लॉट, वर्षाची सगळी मदार त्याच्यावर. नवरा बियाण्याच्या कामानं जालन्याले गेलेला, घरी सासू अन् ती. मी तिच्यासंगं मोडलेले दांडे पाहून राह्यली, तेवढ्यात कप्तान भोंग्यातून बोलला, "संध्याकाळी परतताना जुनं डिझेल पुढे असेल. हीच जागा. प्रकाश सोनेरी मिळेल. सगळे तयार राहा!"

कमलनं माझा हात धरला. "संध्याकाळी पुन्हा?"

मी तिचा नंबर घेतला.

गाडीत सायलीले म्हटलं, "कप्तानले सांग, दुसरीकडं थांबव."

"आजी, परवानगी त्याच जागेची आहे. आणि रुळाजवळची जागा रेल्वेची असते."

"रुळाजवळची असन. सरी रेल्वेची नाही."

ती खिडकीबाहेर पाहायले लागली.

जलंबले मोठ्या लाईनीवर आलो. मोठ्या लाईनीवर या गाडीले कोणी विचारत नाही, हे लक्षात ठेवा. नांदुऱ्याले आम्हाले बाजूच्या रुळावर उभं केलं दीड तास. समोरून धाड धाड गाड्या गेल्या. समोरच्या बाकावर एक फोटोवाला कपाळाले हात लावून बसला होता.

"काय झालं रे बाबा?"

"सकाळचा फोटो गेला, आजी. मध्येच निळं लुगडं आलं कुणाचं तरी." मग माझ्याकडं नीट पाह्यलं. "म्हणजे... तुमचंच."

"मंग काय झालं?"

"आजचं काही दिसलं की फोटो बाद. टॉवर, प्लास्टिक, माणूस, काहीही. शंभर वर्षांपूर्वीचं वाटलं पाहिजे. सॉरी आजी."

"सॉरी कशाले? लय कामाचं सांगितलंस."

दाराशी जाऊन कमलले फोन लावला. "घरात गोधड्या किती?"

"काऊन मावशी?"

"गोधड्या, खताच्या पिशव्या, वाढदिवसाचे बॅनर, जे असन ते रुळाकडच्या बांधावरच्या तारेले टांग. पाचच्या आत. रंगीत पाह्यजे. फोटोत लय वाईट दिसलं पाह्यजे."

ती हसली. "वाईटाची कमी नाही मावशी. सासूचं पिवळं पातळ हाये."

मलकापुरात इंजिनाले टँकरनं पाणी पाजलं. आख्खा टँकर. नळाले आठ-आठ दिवस पाणी येत नाही अशी गावं आहेत आमच्याकडं. मी पाहत उभी राह्यली अन् राग संध्याकाळसाठी ठेवला. जेवणाचं म्हणाल तर स्टेशनबाहेर भजी चांगली भेटते.

येताना डिझेल पुढं. वळण आलं, गाडी थांबली, शिटी वाजली, सगळे उतरले अन् जागच्या जागी उभे राह्यले.

कमलनं बांध सजवला होता. सात गोधड्या, निळ्या-पिवळ्या पिशव्या, सासूचं पातळ, दोन लाल परकर. अन् मधोमध कडब्यावर झाकायचे तीन मोठे बॅनर, तिन्हीवर हात जोडलेला, काळा चष्मा घातलेला भाऊ अन् वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

"हे काय आहे?" कप्तान ओरडला.

"कपडे वाळून राह्यले," कमल म्हणे.

"आत्ता? सूर्य मावळताना?"

"आमच्याकडे आत्ताच वाळते."

त्यानं तिच्यावर शिटी वाजवली. खरंच वाजवली, बाईमाणसावर. मग तारेले हात घालायले गेला.

"माहा बांध, माहे कपडे," ती पेट्यांपाशी जाऊन उभी राह्यली. "हात लावसान तर झाकण उघडीन."

कोणी सरीत पाय टाकला नाही. रुळाच्या पलीकडून काढावं तर ऊन डोळ्यात. दहा मिनिटं भांडले, आपसातच, मग गाडीत चढले. डिझेल काही न दाखवता खामगावले गेलं.

सायली उंद्रीपर्यंत कॅमेरा पुसत बसली. घरी आल्यावर म्हणे, "तूच केलंस ना?"

"हो."

"टूरवाले माझा संध्याकाळचा फोटो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी घेणार होते."

"जीन्स धू."

तिनं जीन्स बादलीत टाकली. गुडघ्याले पांढरी फुलं चिरडून बसली होती, कांद्याचा वास गेला नाही. दोनदा धुतली तिनं.

अजूनही पुसता का जावं का, तर जा. इंजिन पाहण्यासारखं आहे, कोळसेवाला माणूस चांगला आहे. उतरायले सांगितलं तर गाडीतच बसा.

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळचा फोटो इथं टाकला. लोकांनी लय वाखाणला. एकानं लिहिलं, "काय सुंदर रानफुलं!"

रानफुलं.

मी म्हटलं, खाली खरं लिही. ती म्हणे, मला नाही जमणार, तूच लिही. म्हणून हे लिहिलं. फोटो वर आहे. गाडी पाहून झाली असन तर खाली डाव्या कोपऱ्यात पहा. ती कमलची तिसरी सरी. मोडलेले दांडे मोजा. मी सतरा मोजले. सायलीच्या कोपराखालचे फोटोत आले नाहीत.