सात तिरके पट्टे

मला अळीची किळस येते. लहानपणापासून येते आणि ती लपवण्याइतका मी कधीच शूर नव्हतो. वांगं चिरताना अळी निघाली तर बायको ते मला न दाखवता फेकून द्यायची, कारण एकदा दिसली की पुढं आठवडाभर मी वांग्याला शिवत नसे. अशा माणसावर अळ्यांची चित्रं काढायची वेळ यावी!

तेव्हा मी सोलापुरात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. शेतकी खात्यातले एक साहेब, दुष्काळात माणसं काय काय खाऊन तग धरतात त्याची माहिती गोळा करत होते. तिचे रंगीत तक्ते छापून गावोगावच्या चावडीत लावायचे होते, म्हणजे पुन्हा तसा काळ आला तर लोकांना काय खावं आणि काय खाऊ नये ते कळेल. पाला, कंद, बिया, सगळं मी हौसेनं काढून दिलं. मग साहेब म्हणाले, "आता अळ्या." मला वाटलं, थट्टा करताहेत.

माहिती सांगायला वळसंगकडची एक म्हातारी माझ्या घरी यायची. शेतमजुरी करणारी, बोलता बोलता मराठीतून कानडीत शिरणारी. केसाळ सुरवंटाला ती कंबळीहुळ म्हणे आणि हात लावू नका म्हणून मला दटावी. जसा काही मी लावणारच होतो. रुईवरची काळी-पिवळी खाल्ली की उलट्या होतात. खायची ती तिळावरची. करंगळीहून जाड, हिरवीगार, शेपटावर वाकडा आकडा. तसल्या दहा-बारा ती मडक्यात घालून आणायची. झाकण काढलं की आत सगळं वळवळत असे आणि लेंड्यांचा ओला, आंबूस वास भपकन वर येई. मी उपरण्याचं टोक नाकाशी धरून लांब उभा राही.

"दाबून आतली घान काडायची, उकडायचं, मग तव्यावर मीट-मिरची घालून परतायचं. लई ग्वाड लागतंय की," असं म्हणत ती एक अळी उचलून अंगठ्यानं दाबूनही दाखवी. 

"मास्तर, पट्टं बगा," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "दोनी अंगाला सात-सात, तिरकं. त्येच्यावरनंच वळकायची."

"बघितले, बघितले," मी म्हणायचो. शपथेवर सांगतो, बघितले नव्हते.

एकदा मडकं ठेवून ती गेल्यावर मी अंगणात रंग कालवून बसलो. नजर काही मडक्याच्या आत जाईना. एक अळी काठावरून कागदावर उतरली तेव्हा तर मी पाट सोडून उठलोच. तेवढ्यात देवाच्या फुलांसाठी लावलेल्या कण्हेरीकडं लक्ष गेलं. तिथं फांदीला एक अळी चिकटून बसली होती. तशीच हिरवी, तसाच आकडा, वळवळ नाही, आणि मध्ये चांगलं हातभर अंतर. डोक्यामागं दोन निळे ठिपके, डोळ्यांसारखे. त्यातल्या त्यात दिसायला बरी. अळी ती अळी, म्हणत मी तीच काढली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं: तिळावरची अळी, खाण्यास योग्य.

साहेब खूश झाले. पण छापायला पाठवण्याआधी म्हातारीला एकदा दाखवा, म्हणाले. मला राग आला. परीक्षा पास झालेला मी, आणि माझं चित्र तपासणार ही!

तिनं कागद जवळ धरला, लांब धरला.

"हिला डोळं कुटनं आलं?"

"होते," मी म्हणालो.

"तिळाच्या अळीला डोळं नसत्यात. आन् पट्टं कुटं हायत? ही कन्हेरीवरची हाय मास्तर. ही इखारी."

मी उजेडाचं, रंगाचं काहीबाही सांगू लागलो. ती ऐकतच नव्हती. आणलेल्या मडक्यातून तिनं एक अळी काढली, माझा डावा हात ओढला आणि तळव्यावर ठेवली.

"आता काडा."

गार, मऊ, अंगाला न शोभेल इतकी जड. तिचे पाय कातडीला चिकटत होते, सुटत होते. हात न झटकता, तसाच बसून मी पट्टे मोजले. सात. पिवळे, जांभळ्या कडांचे, एवढे ठळक की पाहणाऱ्याला चुकणं शक्य नव्हतं.

चित्र झालं. राखेनं हात घासून मी परत आलो तेव्हा ती त्यावर बोट ठेवून पट्टे मोजत होती. मग तिनं पहिलं चित्र मागून घेतलं, फाडलं आणि पाणी तापवायच्या चुलीत घातलं. ते जळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

"दुस्काळात मी खडी फोडाया जायची," ती म्हणाली. "पोरीला सांगून गेले हुते, हिरवी बग, शेपटाला आकडा बग, आन् भाजून खा. रानात तीळ वाळून गेल्यालं. देवळामागली कन्हेर तेवडी हिरवी हुती." मडकं उचलून काखेत घेत ती म्हणाली, "पट्टं सांगायचं ऱ्हायलं माजं."

अळीची किळस मला आजही येते. पण त्या पोरीला पट्टे कुणी सांगितले नव्हते. मला तिच्या आईनं पुन्हा पुन्हा सांगितले होते.