पंचामृतातलं पिस्तूल

खंडेनवमीला बद्रीनाथनं चुलत्याच्या पिस्तुलाला पंचामृतानं आंघोळ घातली.

त्याच्या बाजूनं बोलायचं तर हा आगाऊपणा नव्हता, भक्ती होती. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं धुऊन पाटावर मांडायची, हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, ही रीतच. विळा न्हाला, कुऱ्हाड न्हाली, पान्हेसुद्धा न्हाले. राहिलं ते कडूबातात्यांचं बत्तीस बोअरचं पिस्तूल, तळहाताएवढं. आधीच्या दोन वर्षी तात्यांनी त्याला लांबूनच फूल वाहिलं होतं. यंदा पूजेला बद्री बसला, आणि घरातल्या सगळ्यात महागड्या हत्याराला कोरडं ठेवणं त्याला बरं दिसेना. दूध, दही, तूप, मध, साखर आणि वरून कोमट पाणी. गोळ्या द्वारकाकाकूंच्या पेटीत कुलपात होत्या, तेवढं एक नशीब.

दसरा झाला आणि पिस्तुलाला मुंग्या लागल्या.

बद्री शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होता. खोकं बंद करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. खोलण्याचा सराव मात्र कमी. मोबाइलवर कुणी एक गोरा डोळे मिटून पिस्तूल खोलत होता आणि जोडत होता. बद्रीनं डोळे चांगले उघडे ठेवून खोललं. वरचा सरकता भाग निघाला, नळी निघाली, आतली स्प्रिंग उडून निर्माल्यात पडली. सापडली ती, पण परत बसेना.

नेमकी तेव्हाच विधानसभेची आचारसंहिता लागली. ती लागली की परवानेवाल्यांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं. फोन आला, उद्या संध्याकाळपर्यंत आणा, तपासून ठेवून घेऊ. परवान्याचं नूतनीकरणही तोंडावर आलेलं. असे तुकडे घेऊन गेलं तर परवान्याचं काही खरं नव्हतं.

आणि परवाना म्हणजे तात्यांची झोप होती. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, पैसा आला, पाठोपाठ चोर आले. त्यांनी द्वारकाबाईंना खुर्चीला बांधलं आणि तात्यांनी कपाटाची किल्ली स्वतःच्या हातानं काढून दिली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर तात्या आडवे होईनात. दाराशी बसून राहायचे. मग परवान्याचा अर्ज आणि वर्षानुवर्षांचे हेलपाटे. चौकशीला पोलीस आले तेव्हा शेजाऱ्यांनी सांगितलं, "माणूस लई गरीब. मुंगी मारत नाय." ही शिफारस समजावी की तक्रार, ते साहेबांना उमजलं नसावं, कागद आणखी वर्षभर पडून राहिला. अखेर पिस्तूल आलं, उशाखाली गेलं आणि तात्यांचा डोळा लागायला लागला.

हे सगळं बद्रीला ठाऊक होतं, म्हणूनच तो दोनदा तात्यांपर्यंत जाऊन परत फिरला.

"तात्या, एक सांगायचंय."

"पिस्तुलाचं ना? मुंग्यांची रांग कालच पाह्यली म्या. म्हणलं, पोरगं तोंड कव्हा उघडतंय बघावं."

"मी शहरातून दुरुस्त करून आणतो. तुम्ही बसा घरी."

"तुझ्या नावचा परवाना हाय का? रस्त्यात धरलं म्हंजे तू बी आत अन् मी बी आत. काढ गाडी."

तुकडे स्टीलच्या डब्यात घातले. तात्या डबा मांडीवर धरून मागं बसले, जणू कुणाच्या घरी बाळंतिणीचा डिंकलाडू चालला होता.

जिथून पिस्तूल घेतलं, ते मुबारकभाईंचं दुकान शहरात, सिटी चौकाच्या अलीकडं. मुबारकभाईंनी झाकण काढलं, वास घेतला.

"तात्या, ये पिस्तूल लाए के परसाद?"

"पुतण्यानं पूजा केली."

"पूजा करो ना मियाँ. खिलाते कायकू?"

बद्री भिंतीवरच्या कॅलेंडरात गुंतला.

मुबारकभाईंनी भिंग लावून आत पाहिलं. "दही तो परसों का है. ये अंदर का तेल लेने के वक्त का. सूख के गोंद हो गया. साफ कब किया?"

"नवंच होतं की," तात्या म्हणाले.

"चलाया?"

"नाय."

"फिर तो दही नै लगता तो भी ये चलनेवाला नै था."

बद्रीच्या जिवात जीव आला. गुन्हा आपला एकट्याचा नाही, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? पण तात्यांचं तोंड पाहिलं आणि त्याचा आनंद तिथंच विरला. तात्या स्टुलावर बसले.

"मग दोन वर्षं मी कशाच्या भरवशावर झोपलो?"

मुबारकभाईंनी ब्रश, चिंध्या आणि तेलाची कुपी तात्यांपुढं सरकवली. "बैठो. मैं बताता, आप करो. हर महिने कौन आएगा शेंद्रे से?"

तात्यांनी बाह्या सारल्या. विहिरीवरचं इंजिन ते एके काळी दर हंगामाला खोलून बसवायचे; विहिरीबरोबर इंजिनही गेलं, आणि तेव्हापासून हाताला खोलायला काही उरलं नव्हतं. नळीतून चिंधी फिरली, मध निघाला, हळद निघाली. मुबारकभाई नुसतं "हौ, हौ" करत होते. स्प्रिंग एकदा सटकली, ती बद्रीनं हवेत झेलली. दुसऱ्यांदा ती बसली, वरचा भाग सरकून खट्ट वाजला. तात्यांनी ऐकलं आणि कुणी न सांगता पुन्हा सगळं खोललं.

"अब कायकू?"

"बघतो, ध्यानात राह्यलं का."

पैसे द्यायला गेले, तर मुबारकभाईंनी हात मागं घेतला. "काम आपने किया, पैसे मेरेकू? शेंद्रे के हो ना? हुरडा खिलाओ."

"या की संक्रांतीला, शेतातच आगटी पेटवू," तात्या सवयीनं बोलून गेले.

बद्रीनं चमकून पाहिलं. ज्या शेतात आगटी पेटायची, तिथं आता कंपनीचं पार्किंग होतं.

ठाण्यात हवालदारांनी पिस्तूल उलटंसुलटं केलं, सरकवून पाहिलं, पावती फाडली. "लई चकाचक ठेवलंय हो, तात्या."

"महिन्यानं जरा पुसून तेल द्यावं लागतं त्याला."

"इथं कपाट हाय तात्या, गोठा नाय."

उशाखाली काही नाही, म्हणून द्वारकाबाई पहिल्या रात्री धास्तावल्या. सकाळी बद्रीला म्हणाल्या, "घोरत्यात रं. पिस्तूल व्हतं तव्हा कधी घोरले नव्हते."

निकाल लागला, गुलाल उधळून झाला, बाकीचे परवानेवाले हत्यारं घेऊन गेले. तात्यांना ठाण्यातून दोनदा फोन आला, तेव्हा गेले. आता ते पिस्तूल घरच्या कपाटात असतं. महिन्याकाठी ओट्यावर जुना पेपर अंथरून तात्या ते खोलतात, पुसतात, जोडतात. बद्रीला चिंधी धरू देतात. पुढं हात गेला की नुसतं बघतात.

संक्रांत आली आणि गेली. "करमाडच्या बाजारात हुरडा भेटतो," बद्री म्हणाला, "नेऊन देऊ दोन किलो."

"इकतचा? मी शेतात बोलावलंय त्याला. पिशवी धाडू व्हय?"

तात्यांनी नात्यातल्या एका पाहुण्याकडं ज्वारीपुरता जमिनीचा तुकडा बटाईनं, निम्म्या वाट्यावर, मागितला आहे. पाहुणा बघू म्हणालाय. परवा मुबारकभाईंचा फोन आला, बाहेर ऊन भाजून काढत होतं.

"क्या तात्या, हुरडा?"

"जरा दम धरा," तात्या म्हणाले, "अजून दाणा भरला नाय."