बुजवलेलं भोक

अर्विंग गावच्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या जत्रेत, एका टोपीवाल्या विक्रेत्याने मला फसवलं. जवसाच्या तेलाचा वास आला की आजही तो आठवतो. ऐंशीच्या दशकात त्याच्याकडून मी महायुद्धातली रायफल घेतली. मी भाव पाडला आणि तो लगेच कबूल झाला. मला तिथेच शंका यायला हवी होती. रविवारी ती नेमबाजीच्या रेंजवर झाडली, बायको खांद्याशी उभी होती. मग खंडेनवमीला पूजेत ठेवायची म्हणून गॅरेजमध्ये तिचं लाकूड उतरवून जवसाचं तेल चोळायला घेतलं. फौजेतून निवृत्त झालेले शेजारचे काका मदतीला आले होते; ते नळीवर बोट फिरवताना थांबले. काडतूस बसतं तिथे नळीला बाजूने पाडलेलं भोक वेल्डिंगने बुजवून वर काळा रंग दिला होता. "युद्धात अशा बंदुका भोक पाडून निकामी करत आणि रंगरुटांना कवायतीला देत," ते म्हणाले. "भोक बुजवलं तरी गोळी झाडताना नळी फुटू शकते. झाडली नाहीस ना रे?" बायको हळूच म्हणाली, "अहो, माझा चेहरा वीतभरच लांब होता." पुढच्या शोला मी जाब विचारायला गेलो, तर त्या टोपीवाल्याचं टेबलच नव्हतं. आता मी नि बायको म्हातारे झालो, पण माझा राग गेलेला नाही. त्याने यावं, हिच्या चेहऱ्याकडे बघावं आणि सांगावं, विकताना त्याला ते भोक माहीत होतं की नव्हतं.