हाडांसाठी लिहून दिलेल्या गोळ्या

आमच्याकडे घट बसायचे. त्याच्या आठ दिवस आधीपासून माझ्या पाळीची तारीख घरभर चर्चेला असायची. ती नवरात्रात येणार असं दिसलं की दिंडोरीकडच्या माझ्या सासूबाई मुलाला सांगायच्या, "जा रे, हिच्या गोळ्या आण." एरवी डोकेदुखीची गोळी आणायलाही विसरणारा माझा नवरा, डॉक्टरची चिठ्ठी नसताना, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन अर्ध्या तासात हजर! घटाला, लग्नकार्याला, वणीच्या दर्शनाला. वीस वर्षं मी त्या गिळल्या. मळमळायचं, पाय सुजायचे. त्यात असतं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी पाळी कायमची थांबली. घामाच्या धारा लागायच्या म्हणून एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी हाडांची तपासणी केली आणि स्पष्ट सांगितलं, "फार लवकर थांबलीय. हाडं आत्ताच विरळ व्हायला लागलीत. पन्नाशीपर्यंत तरी हार्मोनच्या गोळ्या घ्या. दरवर्षी तपासत राहू."

चिठ्ठी घरी आणली. ती वाचून नवरा दचकलाच. "हार्मोन? अगं, कॅन्सर होतो त्याने!" सासूबाई म्हणाल्या, "देवानं बंद केलं ते परत कशाला उकरायचं? आमी नाय घेतल्या कधी. दूध पी, नाचणी खा."

पाळी ढकलायच्या त्या गोळ्याही हार्मोनच्याच, मग वीस वर्षं मला काय पेढे चारत होतात, असं तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चिठ्ठी गॅसच्या पुस्तकात ठेवली आणि गुपचूप दूध प्यायला लागले. सगळ्यात जास्त चीड मला माझ्या त्या दुधाची येते.

सासूबाई गेल्या, पण घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत राहिली. गेल्या वर्षी गच्चीत ओली गोधडी दोरीवर टाकायला उचलली आणि पाठीत कट्‌कन वाजलं. पडले नाही, घसरले नाही, नुसती गोधडी उचलली. मणका दबला होता. मी अठ्ठावन्न वर्षांची आणि हाडं म्हणे ऐंशीच्या बाईची. हार्मोन सुरू करायची वेळ केव्हाच गेली, आता इंजेक्शनं घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

पट्टा बांधून पडून होते. लोक सफरचंदं घेऊन भेटायला यायचे. नवरा प्रत्येकाला सांगायचा, "डॉक्टरांनी तेव्हाच गोळ्या दिल्या होत्या, हिनेच नाही घेतल्या. या बायका स्वतःकडे लक्षच देत नाहीत हो." पाहुणे हळहळून माझ्याकडे बघायचे.

एकदा माझ्या धाकट्या जावेसमोर तो हेच बोलला. आज सगळं ऐकवायचंच, म्हणून मी उठायला गेले. उठता येईना. नवराच लगबगीने आला. त्याच्या खांद्याला धरून मी कशीबशी बसले, आणि बोलायचं ते राहूनच गेलं.