चष्म्याची डबी
चष्म्याची डबी टक्कन मिटली, की मला मध्य प्रदेशातल्या धारचे कोर्ट आठवते. ढाब्यावरच्या चाकूहल्ल्याचा मी एकमेव साक्षीदार. आरोपीवर सिनेमासारखे बोट रोखण्याची तालीम मी आरशापुढे केली होती. बाहेर बाकावर शेजारी कोण, तर पोलिसांसोबत तोच आरोपी. माझा पुकारा झाला, मी धडपडत साक्षीच्या पिंजऱ्यात चढलो आणि समोर सगळे धूसर. चष्मा बाकावरच राहिला होता. तोवर आरोपीलाही आत आणले होते; त्याच्या कठड्यातून हात पुढे आला. “काकाजी, आपकी डिब्बी. पहन लो, फिर अच्छे से देखना.” चष्मा लावला. तो हसत होता. माझे बोट इतके थरथरले, की न्यायाधीशांनी विचारले, “किसकी तरफ उंगली है?” मी कसाबसा म्हणालो, “जिसने डिब्बी दी, साब.” त्याला झालेली शिक्षा या महिन्यात संपते आहे, आणि मी हल्ली चष्मा घालूनच झोपतो.