जनाबाईच्या चुलीवरची कणसं

महिन्यापूर्वी पेठच्या स्टँडवरून जनाबाईच्या मुलाचा, काशिनाथचा फोन आला. "बाई, आई गेली." माझ्याशी हक्कानं भांडणारं माणूस गेलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिच्या पाड्यावर ग्रामसेविका होते. नवी नोकरी, अंगात भारी उत्साह! धुरानं बायकांचे डोळे जातात म्हणून मी अगदी पाठीस लागून घरोघरी निर्धूर चुली बसवल्या. एकटी जनाबाई ऐकेना. तिच्या चुलीवर आडव्या बांबूला मक्याची कणसं टांगलेली, धुरानं काळीकुट्ट. पुढच्या पेरणीचं बी. भादव्यात घरातली नागली संपलेली असते, भात हिरवा असतो. तेव्हा परसातल्या या मक्यावरच पाडा जगतो. "धूर गेला का बी किडंल," ती म्हणाली. मी हसले. "अहो, डोळे जातील तुमचे!" "डोळं माझं हायेत, बाई. बी पोरांचं हाय."

पुढच्या पेरणीला घरोघरी कणसं उतरवली, तर दाण्यादाण्याला भोक. सोंडकिड्यांनी सगळं पोखरलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पोरं भादव्यात खाणार काय? जनाबाईनं आपली कणसं काढली आणि प्रत्येकीच्या पदरात टाकली. मला म्हणाली, "आता रडू नको. सोलायला बस." त्या वर्षापासून सगळ्या घरांचं बी तिच्याच चुलीवर टांगायला लागलं, ओळखायला जिच्या तिच्या लुगड्याची चिंधी बांधून. मीही हौसेनं एका जुडीला माझ्या जुन्या साडीची चिंधी बांधली होती.

पुढं तिला खरंच दिसेनासं झालं. तरी घरात सून आली तेव्हा तिनंच निरोप धाडला, "तुझी ती चूल आन. पोरीचं डोळं कशाला घालवू?" मी तिच्यापुढं हरले होते, तरी त्या दिवशी तिनं मला जिंकवलं. फार माया होती तिची माझ्यावर, आणि माझीही.

तिच्या दिवसाला गेले, तेव्हा भाकरी मी आणलेल्या निर्धूर चुलीवर होत होत्या. आत जनाबाईची चूल रिकामीच पेटलेली, वर कणसं. "रोज पेटवते नि भायेर येऊन बसते," सून म्हणाली. "तसंच सांगून गेल्यात." त्यात एक जुडी माझ्या साडीच्या चिंधीची. इतक्या वर्षांनी?

"ती तुमची, बाई," सून म्हणाली. "दर साली नवी कणसं, चिंधी तीच. आई म्हनायच्या, तिचं बी आपल्याकडंच ऱ्हाऊ दे. तिला राखता येत नाय."