बाप शोधणारा कागद

आमच्या नदीच्या धक्क्यावर आयोनीएवढी आगाऊ बाई दुसरी नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. पूर्वी ती वरच्या सोन्याच्या खाणीवर पुरुषांना रांधून घालायची. तिला स्वतःलाच इतक्यांदा हिवताप झाला, की शेवटी आरोग्यखात्याने तिलाच शिकवलं, सुया, काचा, भिंग नि गोळ्यांची पेटी दिली आणि सांगितलं, आता तूच तपास. तेव्हापासून ती मिस आयोनी. टोचायला बोट धरते ते कोंबडी धरल्यासारखं. सुटून दाखवा.

मागे तिच्या पेटीत जाड पांढरे कागद आले. तापकऱ्याच्या रक्ताचा ठिपका त्यावर घ्यायचा, वाळवायचा आणि बोटीने राजधानीला, जॉर्जटाउनला पाठवायचा. शिकवायला आलेला साहेब माझ्याच खानावळीत भात चापता चापता सगळ्यांना म्हणाला, "या ठिपक्यावरून त्याचं अख्खं घराणं कळतं. बाप कोण, आजा कोण, आला कुठून!"

बिचारा बोलत होता हिवतापाच्या जंतूबद्दल. औषधाला न जुमानणाऱ्या घराण्यातला जंतू आमच्या रानात शिरलाय का, ते त्यांना बघायचं होतं. खाणीवाल्यांनी मात्र 'बाप कोण' एवढंच ऐकलं. या रानात खरं नाव कोणी सांगत नाही. सगळी टोपणनावं: एक पोपट, एक डबलरोटी, एक म्हातारा बारका. कोणाची बायकापोरं कुठे नि किती, ते विचारायचीच सोय नाही. दुसऱ्या दिवसापासून आयोनी दिसली की पुरुष झाडीत.

"ग्रॅनी, तापाने फणफणलेला माणूस एवढा पळतो कसा गं?" ती मला विचारायची.

त्यातच पोपट आजारी पडला. आयोनीने गोळ्या दिल्या, जेवणाबरोबर घे म्हणून बजावलं. मध्ये जरा उतरलेला ताप गोळ्यांचे दिवस संपताच परत आला. काचेवर थेंब घेऊन तिने भिंगातून पाहिलं, तर जंतू अजून होतेच.

"गोळ्या सगळ्या घेतल्यास?"

"आईची शपथ, मिस आयोनी! शेवटची सुद्धा."

आयोनी माझ्या बाकावर मटकन बसली. "ग्रॅनी, हे औषध हरलं तर या पोरांना मी देऊ काय? पेटीत दुसरं काही नाही गं." पुन्हा गोळी देण्याआधी तिला त्याचा ठिपका हवा होता. पण कागद बघताच पोपटाने दोन्ही हात काखेत घातले.

"काचेवर घे, माझ्या चड्डीवर घे. कागदावर नाही!"

"बाळा, हा जंतूचा बाप सांगतो. तुझ्या पोरांचा नाही!"

"तू तर असंच म्हणणार."

हे ऐकत होती मेविस, धक्क्यावर कपडे धुणारी. तिच्या जुळ्यांचा बाप केव्हाच ब्राझीलला पळालेला, हे तिला चांगलं ठाऊक. पण ती मोठ्याने म्हणाली, "पोपट रक्त देत नाही ना? मग ठरलं! पोरांना आजपासून त्याचंच नाव. नाक तसंही त्याच्यावरच गेलंय."

गोधडी गुंडाळलेला पोपट थरथरत निजायच्या टांगत्या झोळीतून उतरला. "घे! दोन ठिपके घे! माझे नाहीत ते!"

आयोनीने बोट पकडलं. तिने ते सोडेपर्यंत मागे तापकऱ्यांची रांग लागली होती. ज्याने रक्त दिलं नाही तो बाप, असं मेविस एकेकाकडे बघून म्हणत होती. डबलरोटीला तर साधी सर्दीही नव्हती. त्याला आयोनीने रांगेतून हाकललं.

मग वायरलेसवर डॉक्टरला विचारून तिने पोपटाला औषध पुन्हा सुरू केलं, आणि प्रत्येक गोळी समोर बसून गिळायला लावली. ताप उतरला. तरी कागदाचा निकाल येईपर्यंत आयोनी रोज वायरलेसवर विचारत होती.

एकदाचा निरोप आला: जंतू साधाच, औषधाला दाद न देणाऱ्यांची खूण त्याच्यात नाही. आयोनीने आधी मला मिठी मारली, मग तरातरा पोपटाच्या झोळीपाशी गेली.

"औषध चांगलं, जंतूही साधा. मग उरलं कोण रे?"

पोपट पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "दोन दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या पुढच्या तापाला ठेवल्या."

"आणि आईची शपथ?"

"आई लांब आहे, मिस आयोनी. तिला कुठे कळतंय?" मग तो उसळला, "बाप ठरू नये म्हणून रक्त दिलं, तर लबाड ठरलो!"

"बडबड पुरे," आयोनी म्हणाली आणि हात पुढे केला. "ठेवलेल्या गोळ्या काढ आधी."